मक्याचं आंबोण

लहानपणी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे, ही एका जागी बसेल तर शपथ. बसावं लागू नये म्हणूनच मी बी.एस्सी. झाल्यावर बँकेच्या परीक्षेचा फॉर्मसुद्धा भरला नाही. लग्न होऊन वाशीला आले आणि तुर्भ्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागले. तिथे आठ तास उभं राहायचं असे. ते मला मानवलं. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. वाशीत रस्ते आखून झाले होते, सेक्टरांना नंबर पडले होते, माणसं मात्र अजून यायची होती. संध्याकाळी त्या रिकाम्या सेक्टरांतून वारा भणभणत सुटला की मला घरात करमत नसे. मी बसमधून दोन स्टॉप आधीच उतरून चालत यायची आणि नवरा विचारायचा, "तिकिटाचे पैसे दिलेस ना पुढपर्यंतचे? मग?" दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दोन स्टॉप आधी उतरायची.

कारखाना मक्याचा होता. एका फाटकातून मक्याचे ट्रक आत यायचे आणि दुसऱ्या फाटकातून स्टार्च, ग्लुकोज आणि कोंबड्यांच्या खाद्याची पेंड बाहेर पडायची. स्टार्च बहुतेक मुंबईच्या कापडगिरण्यांना जाई. सुताला खळ लावायला ते लागतं. मी मूळची कराडकडची. पोत्यांवर आमच्या बाजूच्या बाजारपेठांची नावं दिसली की उगाच बरं वाटायचं.

पहिल्या दिवशी साहेबांनी सगळा कारखाना फिरवून दाखवला. मका आधी मोठमोठ्या टाक्यांत, गंधकाचा धूर मुरवलेल्या कोमट पाण्यात, दोन दिवस भिजत ठेवायचा. दाणा फुगला की दळायला हलका जातो. मग ते पाणी काढून घ्यायचं. पिवळं, दाटसर, आंबूस. इंग्रजीत त्याला लांबलचक नाव होतं आणि कामगार त्याला नुसतं "वासाचं पानी" म्हणत. मी टाकीवर वाकले आणि पटकन बोलून गेले, "अहो, हे तर आंबोण!"

साहेब दादरचे. त्यांना हा शब्द माहीत नव्हता. मी सांगितलं, आमच्याकडे दुभत्या म्हशीला भरडा, पेंड, चुणी असं भिजवून ठेवतात, ते आंबोण. धार काढायच्या वेळी पुढ्यात ठेवलं की म्हैस पान्हा सोडते. साहेब हसले, म्हणाले, "वा! आपला अस्सल शब्द." आठवडाभरात टाकीवर पांढऱ्या रंगात "आंबोण" असं लिहून आलं. मला त्या शब्दाचा फार अभिमान वाटला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंना पत्रातून कळवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते असल्याच माणसांसाठी.

त्या काळी ते पाणी बाहेर कुठे सोडत नव्हते, हेही सांगायला हवं. ते भट्टीवर आटवून काकवीसारखं घट्ट करायचे आणि ती काकवी औषधं बनवणारे विकत न्यायचे.

आमच्याकडे मासे घेऊन एक मावशी यायची. आठवड्यातून तीनदा, डोक्यावर पाटी, बसमधून उतरून सेक्टरभर पायी. मी देशावरची, मला मासे कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. तिनेच मला बोईट साफ करायला शिकवलं, चिंबोरी, म्हणजे खेकडा, मोडायला शिकवलं. एकदा माझं बोट कापलं तेव्हा "आगो बाय, मासली मेलेली हाय, तिचेवर कनाला राग काढतंस?" म्हणून माझ्या हातातून सुरी काढून घेतली. माझी घाई तिला बरोबर कळली होती.

तिचं गाव खाडीच्या काठाला, आमच्या कारखान्याचा नाला जिथे खाडीला मिळतो त्याच्या जरा खाली. तिथे तिच्या घरचं खाजण होतं. खाजण म्हणजे खाडीकडून बांध घालून अडवलेली जमीन. तिचा नवरा होता तोवर तिथे भात होत असे. पुढे बांध खचला, खारं पाणी शिरलं, मग तिने भाताचा नाद सोडला आणि तिथे मासे वाढवायला घेतले. बांधाला लाकडी फळ्यांची झडप असते, तिला उघाडी म्हणतात. तिच्या बोलण्यात "ड"चा "र" व्हायचा, म्हणून ती म्हणायची "उघारी". पुनवेला किंवा अवसेला उधाण आलं की उघाडी खोलायची, खाडीचं ताजं पाणी आत घ्यायचं, त्याबरोबर कोळंबी येते, पिल्लं येतात, मग फळ्या टाकायच्या. त्या साली तिच्या खाजणात जिताडे होते. तीन वर्षं वाढवलेले. एकेक हाताएवढा लांब, असं ती स्वतःच्या हातावर कोपरापर्यंत दाखवायची. तिची धाकटी मुलगी सासरहून परत आली होती, दोन लेकरांना घेऊन. "त्यांचे पोटाचं त्या तल्यान हाय," मावशी म्हणाली होती. एवढंच म्हणाली. तिला रडगाणं गायची सवय नव्हती.

त्या दिवाळीला मी माहेरी गेले आणि एसटीतून उतरल्यावर मला क्षणभर आपला फाटा ओळखूच आला नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका. आमच्या शाळेपर्यंत मका, ओढ्यापर्यंत मका. आधी तिथे ज्वारी असायची, तिच्या मधे तूर, मटकी, कडेला तीळ, बांधाला करडई. आई भाजीला म्हणून शेतात जायची आणि पाच प्रकारचं काहीतरी घेऊन यायची. आता सगळ्यांचं एकच बियाणं, एकाच रंगाच्या पिशवीतलं. सगळ्यांच्या तुऱ्यांची उंची एकच. मला ते बघून अंगावर काटा आला आणि का आला ते सांगता येईना, म्हणून मी मोठ्या भावाशी भांडायला सुरुवात केली.

"दादा, हा मका कोण खातं?"

"तुमचीच फॅक्टरी खाती की. ट्रक बांधावर येतोय, वजन करून उचलतोय. ज्वारी काढा, खुडा, मळा, पाखरं राखा, कोन करनार ते?"

"पण माणसं खात नाहीत ना हा?"

"कोंबड्या खात्यात. आन तूच म्हनलीस न्हवं, कापड खातंय म्हनून?" दादा हसला. "आमी पिकवायचा. कोन खातंय ते इचारत बसलं तर पेरनी राहील."

त्याचं चुकत होतं असं मला तेव्हा म्हणता आलं नाही आणि आजही धडपणे म्हणता येत नाही. घराला नवे पत्रे पडले होते. पण विहिरीवरची मोटर दिवसभर चालू होती आणि पाणी खाली गेल्यामुळे उघड्या पडलेल्या शेवाळलेल्या पायऱ्या मी मोजत होते, त्या पायऱ्या मी लहानपणी कधी पाहिल्याच नव्हत्या. युरियाची रिकामी पोती गोठ्यात रचून ठेवली होती. गोठ्यात जागा होती, कारण दोन्ही म्हशी विकल्या होत्या. मक्याचा वाळलेला चारा कडब्यासारखा गोड नसतो, गुरं तोंड लावत नाहीत, आणि वैरण विकत आणून म्हैस परवडत नाही. आईला मी विचारलं, आंबोणाची घमेली कुठे गेली? ती म्हणाली, "कुनाला घालू आंबोन? ट्रकाला?" दादाने आणखी एक गोष्ट सहज सांगितली: सगळ्यांनीच मका केल्यामुळे यंदा माल फार आहे, ट्रकवाला भाव पाडून मागतो. मी दोन दिवस आधीच वाशीला परतले. आई रागावली. मला तिथे उभं राहवत नव्हतं.

परतले तर कारखान्यात फाटकाबाहेर ट्रकांची रांग. मका स्वस्त झाला होता म्हणून साहेबांनी मिळेल तेवढा उचलायचं ठरवलं होतं. दुसरीकडे गिरण्यांचा संप लागून वर्ष होत आलं होतं, खळीला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून सगळा भर ग्लुकोजवर आणि पेंडीवर. टाक्या दुपटीने भरायच्या, दुपटीने रिकाम्या व्हायच्या, आणि ते पाणी आटवणारी भट्टी मात्र तेवढीच. त्यात भट्टीचं तेल महागलं. एक दिवस साहेबांनी हिशेब सरळ करून टाकला. आटवायला तेल लागतं, सोडून द्यायला काही लागत नाही. चुना टाकून आंबटपणा मारायचा आणि नाल्यात सोडायचं. चुना किती टाकायचा ते मी ठरवायचं.

नाल्याला वास यायला लागला तसा खालच्या गावांतून तक्रार आली. साहेबांनी मला बोलावलं. "तुमचं मराठी चांगलं आहे. गावकऱ्यांना समजेल असं एक पत्र लिहा. आणि सही तुम्हीच करा, केमिस्ट म्हणून." मी नमुना तपासला. आम्ल नाही, गंधक नावापुरतं, जड धातूचा प्रश्नच नव्हता. जे तपासायला मला शिकवलं होतं ते सगळं मी तपासलं. आणि वहीवर बोट आपटत, शब्द जुळवत, मी वाक्य लिहिलं: "सदर पाणी म्हणजे मक्याचे आंबोण असून त्यात कोणतेही विषारी द्रव्य नाही." खाली सही. मला ते वाक्य आवडलंसुद्धा.

माघी पुनवेच्या आधी मावशी आली. पाटी खाली ठेवली, पण झाकण काढलं नाही.

"बाय, पुनवेचे उधानाला उघारी खोलाची हाय. तल्याचं पानी जुनं झालंय. पन नाल्याचं पानी पिवलं दिसतंय. गावान कागद आयलाय, तो तूच लिवलास म्हंतान. मना तोंडान सांग. इख हाय का?"

मी ऑफिसची बस पकडायच्या घाईत होते. एक चप्पल पायात होती, दुसरी शोधत होते. तशीच म्हणाले, "नाही हो मावशी, विष नाही. आंबोणच ते. गुरांना घालतो आपण, तसलंच. मासे उलट जाड होतील."

ती हसली. "मंग खोलतंय," म्हणाली, आणि मला दोन बोईट ठेवून गेली. पैसे घेतले नाहीत. घाईत मी आग्रहही केला नाही.

पुनवेनंतर तिसऱ्या दिवशी ती आली नाही. पुढच्या खेपेलाही नाही. मला घरात चैन पडेना. रविवारी मी नवऱ्याला काहीतरी कारण सांगितलं आणि तिच्या गावाला गेले. बांधावर चढायच्या आधीच वास आला. तळ्यावर पांढरं पडलं होतं. पोटं वर करून सगळे जिताडे पाण्यावर तरंगत होते, आणि कडेच्या चिखलात बोईट, कोळंबी, चिमुकली पिल्लं, चिंबोऱ्यासुद्धा पाण्याबाहेर येऊन मेलेल्या. तिची मुलगी टोपलीने मासे काढून बांधापलीकडे टाकत होती. मावशी उघाडीच्या फळीवर बसली होती.

"त्ये वरती आयले व्हते गो," ती मला म्हणाली. "सकालचे पारी. तोंडं वरती काढून आ करीत व्हते सगले. मना वाटलं, आंबोन खातान."

 त्या क्षणी मला कॉलेजातलं एक पान आठवलं. आठवलं ते तेव्हा, आधी नाही. पाण्यात अन्न सडलं की ते पाण्यातली हवा खातं. विष लागतच नाही. खाणं पुष्कळ झालं की पुरतं. मासे खात नव्हते, गुदमरत होते.

मी बाटली भरून घेतली, काठोकाठ, आत बुडबुडा राहू न देता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती परीक्षा केली. तिला लागणारी रसायनं आमच्याच कपाटात होती, काही गंधक मोजायला आणलेली आणि बाकीची कधी कुणी न उघडलेली. पाण्यात हवा असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो. नळाच्या पाण्यात झकास तपकिरी बसला. तळ्याच्या पाण्यात पांढराशुभ्र. मी तीनदा केली. तिन्ही वेळा पांढरा. मग नाल्याच्या तोंडाचं पाणी आणलं, तेही पांढरं. सगळं एका कागदावर लिहून काढलं, सही केली आणि पर्समध्ये ठेवलं. साहेबांना दाखवायचं ठरवून रोज नेत होते. रोज परत आणत होते.

का नाही दाखवला? कारणं मी स्वतःला पुष्कळ सांगितली. पंधरवड्यावर माझी नोकरी कायम व्हायची होती. घरासाठी अर्ज भरला होता. दादाचा मका याच कारखान्याला येत होता, फाटक बंद झालं तर तो कुठे घालणार? यातलं प्रत्येक कारण खरं होतं आणि सगळी मिळून मला भीती वाटत होती, एवढंच. चालत जायचे ते स्टॉप दोनाचे चार झाले. खाई त्याला खवखवे.

गावाने भरपाईचा अर्ज केला. ठाण्याच्या कचेरीत सुनावणी लागली. साहेबांनी मला बरोबर घेतलं. मावशी एका बाकावर, मुलगी शेजारी, गावचे चारपाच जण मागे. अधिकारी म्हातारे होते, सभ्य होते. त्यांनी माझं पत्र मोठ्याने वाचलं.

"हे आपण लिहिलंत?"

"हो."

"आंबोण म्हणजे?"

"गुरांचं खाणं."

"आपण केमिस्ट आहात. आपल्या माहितीप्रमाणे या पाण्यात विष आहे?"

"नाही," मी म्हणाले. विचारलं तेवढ्याचं हे खरं उत्तर होतं.

"आणखी काही सांगायचंय?"

पर्स माझ्या मांडीवर होती. तिची कडी मी बोटाने उघडत होते, मिटत होते. साहेब खिडकीबाहेर बघत होते. अधिकारी थांबले होते, अगदी शांतपणे, घाई न करता, जणू त्यांना माहीत होतं की काहीतरी आहे. मी म्हणाले, "नाही."

अर्ज निकालात निघाला. माशांच्या मृत्यूचं कारण अनिश्चित, असं लिहिलं गेलं.

बाहेर जिन्यात मुलगी मला बघून तोंड फिरवून पुढे गेली. मावशी थांबली. तिने माझा दंड धरला आणि मुलीकडे बघत मोठ्याने म्हणाली, "बायला कनाला बोलतंस? तिनं खोटं नाय सांगलं. सायबासमोर पन त्येच बोलली. इख नाय तं नाय. आपलं नशीब." मग माझ्याकडे वळून, बाजारात भाव विचारावा तसं सहज: "बाय, शुक्रवारी अवसेचं उधान हाय. तलं साफ केलंय. माजे भावानं जिताऱ्याची पिल्लं दिलीन, ती मडक्यान ठेवलीन. खोलू उघारी?"

जिन्यावरून माणसं चढत-उतरत होती. साहेब खाली गाडीपाशी उभे होते. मी हो म्हणू शकत होते, आत म्हटलं तसंच. तोंड उघडलं आणि शब्द आला तो दुसराच.

"नको, मावशी."

"कनाला?"

"खोलू नका. नाल्याचं पाणी बंद होईतो अजिबात खोलू नका."

 तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नुसतं पाणी पाहून भरती-ओहोटी ओळखणारी बाई ती. तिला कळायला वेळ लागला नाही. तिने माझ्या दंडावरचा हात काढून घेतला, हळूच, पण एकदा माझ्या हातातून सुरी काढून घेतली होती तसा मायेने नाही. तसा काढला असता तर मी रडले असते.

"तुना ठाव व्हतं," ती म्हणाली. "आत बसलीस तवा पन ठाव व्हतं."

मी पर्स उघडून कागद काढला आणि तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही. "मना दावून काय करू?" म्हणाली. "मना वाचता येत नाय. ज्याला वाचता येतं त्यो वरती बसलाय."

आणि ती जिना उतरून मुलीच्या मागे गेली. मी वर पाहिलं. अधिकाऱ्यांच्या खोलीचं दार अजून उघडं होतं. खाली साहेबांनी ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला सांगितला. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर, कागद हातात धरून, किती वेळ उभी होते ते मला आठवत नाही. मी खाली गेले, एवढं आठवतं.